वहीत नसलेली नावे

आपल्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचा, म्हणजे आपण सगळे जिला नुसते 'एस.व्ही.पी.' म्हणतो तिचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहून द्या, असे प्रमुख धर्मगुरूंनी सांगितले, तेव्हा मी आधी कपाटाची किल्ली मागून घेतली. सभागृहामागच्या खोलीत एक जुने लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात इतिवृत्ताच्या वह्या आहेत. वसईच्या पावसाळी दमटपणाने पहिल्या काही वह्यांच्या कडा खाल्ल्या आहेत, शाई फुटली आहे, तरी अक्षर लागते. सुरुवातीच्या वह्या इंग्रजीत आहेत. मग एका वहीच्या मध्यावर, बहुधा चिटणीस बदलले म्हणून, मराठी सुरू होते आणि पुढे मराठीच राहते.

तीन संध्याकाळी त्या वह्या घेऊन बसलो आणि लक्षात आले, की या इतिहासातली मुख्य माणसेच मला लिहिता येणार नाहीत. ज्यांच्यासाठी ही संस्था आहे, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याच वहीत नाही. 'घर क्र. ७. दोघे गेले. आजींना ताप. तांदूळ, डाळ, रॉकेल दिले. डॉक्टरांकडे नेण्याचे ठरले.' पुढच्या आठवड्यात, 'घर क्र. ७. ताप उतरला.' आणि दोन वर्षांनी एका ओळीत, 'घर क्र. ७ बंद. मुलगा कामाला लागला.' हे सातवे घर कुणाचे, ते त्या दोघांना ठाऊक होते. ते दोघेही आता आपल्याच दफनभूमीत आहेत.

नाव न लिहिण्याची ही शिस्त आपण काढलेली नाही. ती आपल्याकडे आली आहे. म्हणून आपला इतिहास वसईच्या आधी पॅरिसपासून सांगावा लागतो.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. गरिबांच्या वस्त्या त्यात होरपळल्या. त्याच सुमारास लिऑन शहरातून कायदा शिकायला आलेला फ्रेडरिक ओझानम नावाचा विद्यार्थी तिथल्या एका वादसभेत बोलत असे. त्याचा जन्म मिलानचा, वडील डॉक्टर. हे वडील गरिबांकडे पैसे न घेता जात, आणि पुढे १८३७ साली अशाच एका गरीब रुग्णाकडे गेले असता जिन्यावरून पडून वारले. वादसभेत इतिहास, तत्त्वज्ञान, धर्म अशा विषयांवर चर्चा चाले. ख्रिस्तसभेने पूर्वी जगासाठी काय काय केले, हे ओझानम आणि त्याचे मित्र हिरिरीने मांडत. एके दिवशी समोरच्या बाजूच्या एका तरुणाने विचारले, की पूर्वीचे राहू द्या, आज तुम्ही स्वतः काय करता? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न विचारणारा ख्रिस्तसभेचा विरोधक होता. आपल्या संस्थेचा जन्म त्या विरोधकाच्या प्रश्नातून झाला, हे आपण विसरू नये असे मला मनापासून वाटते.

२३ एप्रिल १८३३ रोजी एका छोट्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी, आणि त्यांच्याहून बरेच मोठे, ती कचेरी ज्यांची होती ते संपादक इमॅन्युएल बायी. त्या दिवशी ओझानमला वीस वर्षे पूर्ण झाली होती. बायी अध्यक्ष झाले. वादसभेला फ्रेंचमध्ये 'कॉन्फरन्स' म्हणत, तेच नाव या नव्या मंडळालाही चिकटले. म्हणून आज आपल्या धर्मग्रामातल्या शाखेलाही 'कॉन्फरन्स' म्हणतात. नवीन सदस्य दरवेळी विचारतात, की आपण दहा-बारा माणसे, मग कॉन्फरन्स कसली? त्याचे उत्तर हे असे आहे.

या मुलांकडे पैसे नव्हते आणि गरिबांच्या घरात जायचे कसे, तेही त्यांना माहीत नव्हते. बायींनी त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे पाठवले. या धर्मभगिनी पॅरिसच्या मुफ्तार भागातल्या दरिद्री वस्तीत कित्येक वर्षे राहून काम करत होत्या. कुठल्या गल्लीत कुणाची चूल पेटलेली नाही, हे त्यांना ठाऊक असे. त्यांनी मुलांना काही कुटुंबांचे पत्ते दिले, पावाची कुपने दिली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याच्या घरात कसे बसावे ते शिकवले. सिस्टर रोझाली ज्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' संघाच्या, तो संत विन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ द मारियाक यांनी १६३३ साली स्थापन केला होता. बरोबर दोनशे वर्षांनी त्यांच्या एका लेकीने हे सात जण हाताशी धरले. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, मंडळाने संत विन्सेंट यांना आपले आश्रयदाते मानले आणि १८३५ च्या अखेरीस पहिली नियमावली तयार झाली. दोघांनी मिळून घरी जाणे, ठरलेल्या वेळी सभा, सभेत प्रार्थना आणि वाचन, घराघराची हकिकत आणि शेवटी झोळी, हा जो आपला क्रम आहे तो तेव्हापासूनचा आहे.

झोळीबद्दल इथेच सांगतो. सभा संपताना कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ बंद ठेवून हात आत घालायचा आणि काढायचा. कुणी काय टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. कुणाची मूठ कधी रिकामी असेल तर तेही कळत नाही. मदत घेणाऱ्याचे नाव जसे झाकले जाते, तसे देणाऱ्याचेही.

आता संत विन्सेंट यांची एक गोष्ट, कारण तिच्याशी आपल्या कॉन्फरन्सच्या एका चुकीचा संबंध आहे. १६१७ साली ते फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावी धर्मगुरू होते. ऑगस्टमधल्या एका रविवारी मिस्सेची वस्त्रे चढवत असताना कुणीतरी येऊन सांगितले, की गावाबाहेर एका घरातली सगळी माणसे आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कुणी नाही. विन्सेंट यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर रस्ता बायकांनी भरलेला. कुणी अन्न घेऊन जाते आहे, कुणी देऊन परत येते आहे, उन्हाने दमून कुणी वाटेत बसले आहे. इतके अन्न जमले होते, की त्यातले बरेचसे दुसऱ्या दिवसापर्यंत नासणार होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी येणार नव्हते. गावात दया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. विन्सेंट यांनी त्या बायकांना एकत्र बसवले, पाळ्या लावून दिल्या आणि कुणी कोणत्या दिवशी जायचे ते ठरवून दिले. पुढे फ्रान्सभर पसरलेल्या त्यांच्या सेवेची सुरुवात त्या पाळ्यांपासून झाली.

आपल्याकडेही दया भरपूर होती. नाताळच्या आधी धान्याच्या पिशव्या भरायच्या, चर्चच्या आवारात टेबल लावायचे, लाभार्थी कुटुंबांना रांगेत बोलावायचे आणि एकेकाच्या हाती पिशवी द्यायची, असे काही वर्षे चालले. फोटोही निघत. ते देणगीदारांना पाठवता येत, म्हणून कुणाला त्यात गैर वाटले नाही. मीही त्या टेबलामागे उभा राहिलो आहे. एका वर्षी एका कुटुंबाची पिशवी तशीच राहिली. वर्षभर ते धान्य घेत होते. नवरा कारखाना बंद पडल्यापासून घरी होता. पिशवी घेऊन आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडले, आत बसवले, पिशवी घेतली नाही. त्यांची मुलगी नववीत होती आणि तिच्या वर्गातली दोन मुले त्या दिवशी आवारात सजावटीला आली होती. आईने एवढेच सांगितले, "पोरगी म्हणाली, मम्मी, रांगेत नको."

त्यानंतरच्या सभेचे इतिवृत्त माझ्याच हातचे आहे. 'यापुढे धान्य चर्चच्या आवारात वाटू नये. ज्याच्या त्याच्या घरी, अंधार पडल्यावर, दोघांनी नेऊन द्यावे. फोटो काढू नये.' ठराव एकमताने झाला. पण ते कुटुंब पुन्हा आपल्याकडून धान्य घ्यायला तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागले. त्या वर्षात त्यांनी काय खाल्ले, हे कुठल्याही वहीत नाही.

घरी जाण्याचा माझा पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो. आमचे तेव्हाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याबरोबर एका वाडीच्या टोकाला, बावखलापलीकडच्या एका घरी निघालो. वाटेत त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. "पिशवी दारातच खाली ठेवायची, हातात घेऊन आत जायचं नाही. आणि पाणी दिलं तर प्यायचं. तहान नाही म्हणायचं नाही." घरात एक विधवा आजी आणि तिचा नातू होता. आजीने एकुलती एक खुर्ची साहेबांना, म्हणजे सरांना दिली. सर खाली चटईवर बसले, तसा मीही बसलो. तिने मडक्याजवळचा स्टीलचा पेला घेतला, धुतला, पदराने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा धुतला. मग पाणी दिले. सर ते हळूहळू प्यायले, घोट घोट, जणू दुसरे काही कामच नव्हते. त्या वेळात आजी बोलायला लागली. गावातल्या विहिरीचे पाणी कसे गोड होते, नवरा केळीच्या बागेत कसा काम करायचा, सुनेने घर कसे सोडले, सगळे. पाऊण तास आम्ही तिथे होतो. धान्याचा विषय निघालाच नाही. निघताना पिशवी दारापाशी होती, तिथेच राहिली.

परत येताना मी विचारले, की रेशन तर पाच मिनिटांत देऊन झाले असते. सर म्हणाले, "रेशन कुणीही देईल. आपण भेटायला जातो." सभेत आम्ही त्याला 'भेट' असेच म्हणतो. वहीतही तोच शब्द आहे.

वह्यांमधून आपल्या भागाचा इतिहासही दिसतो. सुरुवातीच्या नोंदींत घराचा पत्ता म्हणजे वाडीचे नाव, आळीचे नाव, 'चिंचेजवळ', 'रहाटाच्या बाजूला'. माणसे ओळखीची, बोली ओळखीची, कुपारी किंवा वाडवळी. अडचणीही त्या काळच्या होत्या. पीक बुडाले, गाय मेली, कर्ता दारूत बुडाला, सावकाराचे देणे झाले. देण्याघेण्याच्या या जाचातून माणसाला सोडवायला आपल्या समाजाने १९१८ सालीच मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने पापडीला बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली होती. पण ज्याच्याकडे तारण नाही आणि जामीनही नाही, तो बँकेच्या पायरीपर्यंत पोचत नसे. तो आपल्या वहीत सापडतो.

मग हळूहळू पत्ते बदलतात. चाळीचे नाव, खोलीचा नंबर, मजला, 'बी विंग'. नालासोपारा, वसई पूर्व, औद्योगिक वसाहतीच्या मागे. मुंबईत जागा परवडेना झाली तशी माणसे विरारच्या लोकलने इकडे आली आणि त्यांच्यामागून देशभरातून कामासाठी आलेली माणसे. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली तोपर्यंत आपल्या वाड्यांना चारी बाजूंनी इमारतींनी वेढले होते. वहीतल्या घरांत आता तमिळ, भोजपुरी, बंगाली बोलणारी माणसे होती. त्यांतली कितीतरी कधी चर्चमध्ये आलेली नव्हती आणि येणारही नव्हती.

यावरून एका सभेत मोठा वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, की आपल्याच धर्मग्रामातल्या गरिबांना पुरत नाही, मग बाहेरच्यांना कुठून देणार? त्यांचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. खजिनदार तेच होते, पेटीत किती आहे ते रोज पाहत होते. वाद दोन सभा चालला. शेवटी सोसायटीची नियमावली काढून वाचली. मदत करताना धर्म, जात, मत विचारायचे नाही, असे तिच्यात स्पष्ट आहे. आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून बसलेल्या फादरांनी भल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली नाही, जी सगळ्यांना अपेक्षित होती. ते म्हणाले, "पुढच्या भेटीला खजिनदारांनी स्वतः जावं." खजिनदार गेले. परत आल्यावर त्यांनी त्या घराची नोंद स्वतः लिहिली आणि पुढे कितीतरी वर्षे त्या घरी दुसऱ्या कुणाला जाऊ दिले नाही.

कॉन्फरन्समध्ये सुरुवातीला फक्त पुरुष होते. हे जगभर तसेच होते. बायकांनी १८५६ साली इटलीतल्या बोलोन्यात आपली वेगळी संघटना उभी केली आणि १९६० च्या दशकाअखेर दोन्ही एकत्र झाल्या. आपल्याकडे बायका आल्या त्याच्याही बऱ्याच नंतर, आणि त्या आल्यावर वह्यांतल्या नोंदी बदलल्या. आम्ही पुरुष 'धान्य दिले' असे लिहायचो. बायकांनी लिहिले, 'धान्य आहे, गॅस संपला आहे.' 'गहू दिले होते, दळायला पैसे नाहीत.' 'मुलगी महिन्यातले चार दिवस शाळेत जात नाही. कारण विचारले. व्यवस्था केली.' आमच्यापैकी कुणी त्या घरात दहा वेळा गेले असते तरी ते कारण आम्हाला कळले नसते. आज कॉन्फरन्सच्या निम्म्याहून अधिक सदस्य बायका आहेत, आणि ती चालते ती त्यांच्यामुळे.

एका वहीत 'घर क्र. १२' खाली ही नोंद आहे. 'गहाण पडलेली शिलाई मशीन सोडवून आणली.' त्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण ओझानमची अशीच एक गोष्ट आहे. तो पुढे सोरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाला, १८४१ मध्ये त्याचे लग्न झाले, एक मुलगी झाली. एका नववर्षदिनी तो पत्नीला म्हणाला, की आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाने घरातले शेवटचे कपाट गहाण टाकले आहे, ते सोडवून द्यावे असे वाटते. ते लग्नातले, चांगल्या दिवसांतले कपाट होते. पत्नीने काही व्यावहारिक अडचणी दाखवल्या आणि ते राहिले. संध्याकाळी मुलीभोवती खेळण्यांचा ढीग पडलेला पाहून त्याला काही गोड लागेना. तेव्हा पत्नीच म्हणाली, की जा, सकाळी मनात आले होते ते कर. तो गेला, कपाट सोडवले, त्या घरी पोचवून आनंदाने परत आला. बारा नंबरच्या घरची मशीन सोडवणाऱ्या आपल्या सदस्यांनी ही गोष्ट ऐकली होती की नाही, सांगता येत नाही. ऐकली नसावी असे मला वाटते. मशीन परत आली तर ती बाई आपल्या हाताने कमावेल, हे कुणालाही सुचण्यासारखे होते. मात्र ते सुचायला तिच्या घरी जाऊन बसावे लागले आणि मशीन कुठे गेली, हे विचारावे लागले.

ओझानम १८५३ साली, चाळीशीत, मार्सेय बंदरात वारला. तो कधीही सोसायटीचा अध्यक्ष झाला नाही. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्याला 'धन्यवादित' म्हणून घोषित केले. सिस्टर रोझालींना तो मान २००३ साली मिळाला. आज सोसायटी सुमारे दीडशे देशांत आहे. त्यांतल्या अनेक देशांतल्या कॉन्फरन्स भारतातल्या कॉन्फरन्सशी जोडल्या गेल्या आहेत. आपलीही अशी एक जुळी बहीण परदेशात आहे. तिच्याकडून थोडे पैसे येतात, आपल्याकडून पत्र जाते. त्यांच्या पत्रात तिथल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हकिकती असतात, त्या वाचून आपले सदस्य हळहळतात.

अलीकडच्या दोन प्रसंगांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. जुलै २०१८ मध्ये ९ आणि १० तारखेला पाऊस असा कोसळला, की वसई-विरार पाण्यात गेले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. त्या दोन दिवसांची नोंद वहीत नाही, कारण वही असलेल्या खोलीतच गुडघाभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर घरे पाहायला निघालो, तेव्हा सगळीकडे एकच दृश्य होते. गाद्या बाहेर टाकलेल्या, भिजलेले तांदूळ परातीत पसरलेले, आणि शाळेच्या वह्या दोरीवर वाळत घातलेल्या. आम्ही धान्याची यादी घेऊन गेलो होतो. लोकांना हव्या होत्या कोरड्या गाद्या, चटया, बादल्या, ब्लिचिंग पावडर आणि मुलांची पुस्तके. यादी फाडली आणि दुसरी केली. त्या आठवड्यात पहिल्यांदा असे झाले, की ज्या घरांना आपण वर्षानुवर्षे भेट देत होतो, त्यांतले चौघे जण फावडी घेऊन आमच्याबरोबर दुसऱ्यांच्या घरातला चिखल काढायला आले. त्यांतल्या एकाने नंतर कॉन्फरन्सचे सदस्यत्व घेतले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या कामाचा पायाच निघून गेला. चर्चची दारे बंद, सभा बंद, आणि भेटीला जाणे म्हणजे रोग घेऊन जाणे. एकशे सत्याऐंशी वर्षांत जी एक गोष्ट सोडू नये असे आपण मानत आलो, तीच सोडावी लागली. मग फोनवर भेटी सुरू झाल्या. दोघांचा नियम तिथेही पाळला. एकाने बोलायचे, दुसऱ्याने कॉन्फरन्स कॉलवर ऐकायचे आणि लागेल तिथे बोलायचे. आपल्या नावाचा तो शब्द अचानक असा उपयोगी पडला. मे महिन्यात वसईच्या सनसिटी मैदानावर उत्तरेकडच्या गाड्यांसाठी हजारो माणसे उन्हात बसली होती. त्यांत आपल्या वहीतली तीन घरे होती. एका घरच्या बाईंनी जाण्याआधी फोन करून सांगितले, की खोलीची किल्ली शेजारी ठेवली आहे, गॅसची टाकी अर्धी भरलेली आहे, ती कुणाला लागली तर द्या. तिच्या घरासमोर मी 'बंद' असे लिहिले नाही. 'गावी' असे लिहिले.

टाळेबंदीनंतर एक बदल झाला, तो आता टिकला आहे. लोकांची पहिली मागणी धान्याची राहिली नाही, कागदांची झाली. शिधापत्रिकेत नाव घालायचे आहे, उत्पन्नाचा दाखला हवा आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थांबले आहेत कारण हयातीचा दाखला दिला नव्हता. एखाद्या विधवेला दरमहा तिच्या हक्काचे पैसे सुरू झाले, की आपल्या पिशवीची तिला गरज उरत नाही, आणि ते चांगले आहे. १८४८ च्या सुमारास, पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा, ओझानमही हेच सांगत होता, की जखमेवर तेल घालणे हे दयेचे काम, पण जखम होऊ नये हे न्यायाने पाहावे. आपल्याकडे न्यायाची वाट तहसील कचेरीच्या रांगेतून जाते. आपले दोन निवृत्त सदस्य आठवड्यातून एक दिवस त्या रांगेत उभे असतात.

रुग्णालयांचेही तसेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. ज्याला ही खाट हवी असते त्याला ती योजना माहीत नसते. माझ्या अनुभवात एकदा रात्री साडेदहाला एका रुग्णालयात खिडकीवर सांगितले गेले, की अशी काही योजना आमच्याकडे नाही. बरोबर असलेल्या सदस्या शांतपणे बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, समाजसेवा अधिकारी येईपर्यंत आम्ही थांबतो." पहाटेपर्यंत त्या बसून होत्या. रुग्णाची बायको त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. सकाळी खाट मिळाली. वहीत त्याची नोंद आहे, 'घर क्र. २३. दाखल झाले.'

आता आजची स्थिती. पूर्वी सभा मंगळवारी संध्याकाळी असे. नोकरदार सदस्य मुंबईहून परत येईपर्यंत नऊ वाजतात, म्हणून ती रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर घेऊ लागलो. तरुण येतात, पावसाळ्यात, नाताळात, काही मोठे काम असले की मनापासून राबतात. पण दर पंधरा दिवसांनी त्याच घरी, त्याच चटईवर, पाऊण तास बसायला येणारे थोडे आहेत. त्यांना दोष देणे मला पटत नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या मुलाकडे पाऊण तास असतो कुठे? तरी १८३३ सालची ती सात माणसे आठवतात. त्यांतल्या सहा जणांना परीक्षा होत्या.

परवा ही हकिकत लिहून झाली आणि वह्या कपाटात परत ठेवताना चालू वही उघडली. पुढच्या रविवारच्या भेटी नेमलेल्या आहेत. घर क्रमांक ३१ नवीन आहे. वसई पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा अपघातानंतर अंथरुणावर, बायको घरकामाला जाते, सासू आहे, दोन मुले आहेत. 'जाणार' या रकान्यात नेहमी दोन नावे असतात. एकतीससमोर एक नाव लिहिलेले आहे. दुसऱ्या नावाची जागा अजून रिकामी आहे.